आमदार अपात्रतेची याचिका अध्यक्षांच्या टेबलावर किती दिवस पडून राहावी?

बाराखडी

पक्षांतराचा विषय निघाला की आमदारांना शिव्या घालून सगळे मोकळे होतात. शिव्या घालाच, पण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा, सहावा परिच्छेदही वाचा. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा, एवढंच त्यात लिहिलंय. किती दिवसांत, हे कुठेच नाही. सगळी गोम इथे आहे.

महाराष्ट्राच्या तारखा एकदा ओळीने मांडतो. २५ जून २०२२ ला उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी शिवसेनेच्या १६ आमदारांना नोटिसा काढल्या. २७ ला संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर द्या म्हणून. २७ लाच सर्वोच्च न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. २९ ला बहुमत चाचणीला स्थगिती नाकारली, त्याच रात्री उद्धव ठाकरेंचा राजीनामा. ३० ला एकनाथ शिंदेंचा शपथविधी, ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष. घटनापीठाचा निकाल आला ११ मे २०२३ ला. त्यात राज्यपालांनी चाचणी बोलावणं चुकीचं ठरलं, पण ठाकरेंनी राजीनामा आधीच दिल्यामुळे सरकार परत आणता येणार नाही, असंही ठरलं. आणि अपात्रतेबद्दल काय, तर अध्यक्षांनी ‘वाजवी वेळेत’ निर्णय घ्यावा. वाजवी म्हणजे किती? त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी, मग ३१ डिसेंबरची मुदत, मग आणखी दहा दिवस. १० जानेवारी २०२४ ला निर्णय झाला: दोन्ही गटांतलं कोणीही अपात्र नाही. त्याला आव्हान दिलं गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूक होऊन नवी विधानसभाही आली.

निकाल कोणाच्या बाजूने लागला हा माझा मुद्दाच नाही. उलटा लागला असता तरी दीड वर्ष सरकार चालवून झालंच होतं.

माझी मागणी: निर्णय अध्यक्षांकडून काढून निवडणूक आयोगाकडे द्या, ९० दिवसांची मुदत कायद्यातच घाला. लाभाच्या पदासारख्या इतर अपात्रतांत आयोगाचं मत राज्यपालांवर बंधनकारक असतंच, अनुच्छेद १९२. निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवलं होतं की हा निर्णय अध्यक्षांकडे नको, आयोगाच्या मतावर व्हावा.

शेरेबहाद्दर

आयोगाकडे दिलं की वेग येतो, हे कुठून आलं?

दिल्लीतल्या आम आदमी पक्षाच्या संसदीय सचिवांचं लाभाच्या पदाचं प्रकरण काढा. तक्रार जून २०१५ ची, आयोगाचं मत जानेवारी २०१८ मध्ये. अडीच वर्षं. वीस आमदार अपात्र झाले आणि दोन महिन्यांत, २३ मार्च २०१८ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण आयोगाने तोंडी सुनावणीची संधी नीट दिली नव्हती. प्रकरण परत आयोगाकडे. म्हणजे वेळही गेला आणि निर्णयही टिकला नाही.

दुसरं उदाहरण झारखंडचं. हेमंत सोरेन यांच्या खाणपट्ट्याबाबत आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यपालांकडे मत पाठवलं. ते पाकीट उघड झालंच नाही. पाकिटात काय आहे यावर मात्र महिनोन्‌महिने राजकारण झालं, आमदारांना रांचीबाहेर हलवण्यापर्यंत. १९२ मध्ये मत बंधनकारक आहे हे खरं, पण राज्यपालांनी ते किती दिवसांत अमलात आणायचं याची मुदत तिथेही नाही. तुम्ही अध्यक्षांचं टेबल बदलून राज्यपालांचं टेबल आणताय.

बाराखडी

झारखंडचा मुद्दा मान्य. म्हणून राज्यपालांचा टप्पाच नको, आयोगाचा आदेश थेट लागू व्हावा. दिल्लीचं मात्र पटत नाही. तिथे आयोग चुकला म्हणून न्यायालयाने तो निर्णय रद्द तरी केला. निर्णयच आला नाही तर रद्द काय करणार? किहोटो होलोहान निकालाने (१९९२) अध्यक्षांना न्यायाधिकरण ठरवलं आणि त्यांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते म्हटलं, पण निर्णयाच्या आधी हात घालायचा नाही असंही सांगितलं. तेव्हापासून निर्णय न देणं हीच सगळ्यात सुरक्षित चाल झाली. त्याच निकालात दोन न्यायमूर्तींनी, अल्पमतात, लिहून ठेवलं होतं की बहुमताच्या मर्जीवर पद टिकवणारा अध्यक्ष या कामाला योग्य नाही. तीन विरुद्ध दोन. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

कारकुंडा

मुदत, आयोग, सगळं ठीक. पण वेळ नेमका कुठे जातो ते बघा, म्हणजे ९० दिवस पुरतील का ते कळेल.

१९८६ च्या महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे याचिका दिवाणी दाव्यातल्या कैफियतीसारखी सत्यापित करावी लागते. जोडपत्रंसुद्धा, प्रत्येकावर सही आणि सत्यापन. पहिला आक्षेप हमखास इथे येतो: सत्यापन चुकलं, याचिका फेटाळा. (हे नियम कार्यपद्धतीचे आहेत, त्यातल्या चुकीने सगळं कोसळत नाही, असं रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्येच ठरलंय. तरी आक्षेप येतोच, त्यावर युक्तिवाद होतो, एक-दोन तारखा जातात.) मग प्रत सदस्याला, त्याचं म्हणणं सात दिवसांत, आणि ती मुदत वाढवता येते. जून २०२२ च्या नोटिशीत दोनच दिवस दिले होते, म्हणून न्यायालयात सगळ्यात आधी हाच मुद्दा आला.

त्यानंतर खरी गंमत. प्रत्येक आमदारावर वेगळी याचिका, म्हणून त्या एकत्र चालवायच्या की वेगवेगळ्या यावर वाद. एकत्र ठरल्या की पुरावा नोंदवायचा का यावर वाद. ठरलं तर प्रतिज्ञापत्रं, मग उलटतपासणी. उलटतपासणीत प्रश्न कसले? हा ईमेल तुम्ही कुठून पाठवला, या ठरावावर सही केली तेव्हा तुम्ही कुठे होता.

आणि व्हिप बजावणं! दहा ओळींचा कागद असतो: अमुक तारखेला सभागृहात हजर राहा, अमुक ठरावाच्या बाजूने मतदान करा. तो आमदार निवासाच्या दारावर चिकटवला, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की हातात दिला, यावर माणसाची आमदारकी ठरते. शिंदे गटाने ठाकरे गटाच्या आमदारांवर केलेल्या याचिका २०२४ मध्ये फेटाळल्या गेल्या त्याचं एक कारण हेच होतं, व्हिप प्रत्यक्ष हाती बजावला गेल्याचं सिद्ध झालं नाही. सचिवालयाने प्रत्येक सदस्याकडून एक अधिकृत ईमेल आणि एक मोबाइल क्रमांक शपथविधीच्या दिवशीच लिहून घ्यावा, तिथे पाठवलेलं बजावलं असं धरावं. एका नियमदुरुस्तीचं काम आहे, घटनादुरुस्ती लागत नाही. पण करणार कोण, उद्या आपल्यालाही पळवाट लागेल की!

रोखठोक

इकडे दीड वर्ष आणि तिकडे? २३ मार्च २०२३ ला सुरत न्यायालयाने राहुल गांधींना शिक्षा सुनावली, २४ ला लोकसभा सचिवालयाची अधिसूचना निघाली. आपल्याकडे सुनील केदारांना २२ डिसेंबर २०२३ ला शिक्षा झाली, दोन दिवसांच्या आत आमदारकी गेलेली. म्हणजे सचिवालयांना टायपिंग येतं.

शेरेबहाद्दर

@रोखठोक, तुलना फसवी आहे. शिक्षेच्या प्रकरणात न्यायालयाने पुरावा तपासून झालेला असतो आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपात्रता आपोआप लागते. सचिवालय फक्त जागा रिकामी झाल्याचं कळवतं. पक्षांतरात ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडलं’ हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि राजीनामा न देताही वागणुकीवरून ते ठरू शकतं. गुवाहाटीच्या हॉटेलात बसणं म्हणजे पक्ष सोडणं की पक्षातच राहून नेत्याला विरोध करणं? हे एका दिवसात ठरवायला लागलात तर उद्या प्रत्येक असंतुष्ट आमदार घरी जाईल.

मोकळा_बाक

तुम्ही सगळे निवाडा कोणी द्यायचा यावर भांडताय. मला कायदाच नको आहे, निदान आहे तसा नको.

दहाव्या परिशिष्टाचा परिच्छेद २(१)(ब) बघा. पक्षाने कुठल्याही मतदानाला व्हिप काढावा आणि आमदाराने विरोधात मत दिलं की आमदारकी धोक्यात. फक्त सरकार पाडण्याच्या मतदानाला नव्हे, कुठल्याही. त्यामुळे मतदारसंघातल्या लोकांचं मत काहीही असो, आमदार बाकावर बसून हात वर करतो. सरकारला जाब विचारणारी पहिली माणसं म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच मागच्या बाकावरचे आमदार. त्यांचं तोंड १९८५ पासून बंद आहे. आणि ज्यासाठी हे केलं ती फोडाफोडी थांबली का? एकट्यादुकट्याची थांबली, घाऊक सुरू झाली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये ‘विलीन’ झाले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. दोन तृतीयांशाचा हिशेब दोन्ही वेळा चोख. दोन तृतीयांश आमदार विलीनीकरणाला तयार असले तर अपात्रता नाही, हा चौथा परिच्छेद वाचून पावलं मोजली जातात.

गोस्वामी समितीचं नाव वर आलंच आहे, तर तिने हेही सुचवलं होतं की व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतीच असावी. हा अर्धा भाग मात्र कोणी सांगत नाही.

बाराखडी

व्हिप मर्यादित करा, माझी हरकत नाही. पण तुमच्या सुधारणेनंतरही अविश्वास ठरावावर पक्ष सोडणारे असतीलच आणि त्यांचा निर्णय कोणाला तरी द्यावाच लागेल. आणि २०२२ च्या शिवसेनेत विलीनीकरण झालंच नाही. ५५ पैकी दोन तृतीयांश म्हणजे ३७. ४० जण बरोबर होते, पण ते कुठल्याही पक्षात गेले नाहीत, ‘आम्हीच शिवसेना’ म्हणाले. एक तृतीयांश फुटीची सवलत ९१ व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये काढली. आता फूट म्हणायचंच नाही, मूळ पक्ष म्हणायचं. मग मूळ पक्ष कोणता हे अध्यक्षांनी ठरवायचं, आणि त्यांनी ठरवलं विधिमंडळातल्या बहुमतावर. चाळीस आमदार फोडले की पक्षच आपला, अपात्र कोण होणार!

तळटीप

एक दुरुस्ती आणि एक तक्रार.

दुरुस्ती: अध्यक्षांनी थेट आमदार मोजले नाहीत. घटनापीठाने सांगितलं होतं की वाद सुरू होण्याआधी आयोगाकडे दिलेली पक्षघटना आधी बघा. नार्वेकरांनी २०१८ ची दुरुस्त घटना आयोगाच्या नोंदीत नाही म्हणून बाजूला ठेवली आणि १९९९ ची धरली. तिच्यावरून आणि नेतृत्वाच्या रचनेवरून उत्तर निघत नाही असं म्हणून मग बहुमताकडे गेले. तर्क पटो न पटो, धडा व्यवहारी आहे. पक्षघटना बदलली की आयोगाकडे देऊन पोच घेणं, ती पोच सांभाळून ठेवणं. ते काम कार्यालयातल्या एका माणसाचं असतं आणि ते झालं नाही की पुढे त्याचा शिवधनुष्याइतका भार होतो.

तक्रार न्यायालयाबद्दल. निर्णयाआधी हस्तक्षेप नाही हे तत्त्व खरं असेल तर २७ जूनला मुदत कशी वाढवली? त्यामागे २०१६ चा नबाम रेबिया निकाल: अध्यक्षांनाच हटवण्याची नोटीस आलेली असेल तर त्यांनी अपात्रतेवर निर्णय देऊ नये. परिणाम असा की बंडखोरांनी आधी हटवण्याची नोटीस धाडायची, की अध्यक्षांचे हात बांधले. झिरवाळांविरुद्धची नोटीस अनोळखी ईमेलवरून आली म्हणून त्यांनी ती फेटाळली होती, तरीही तिचा उपयोग झालाच. २०२३ मध्ये घटनापीठाने तो प्रश्न सात न्यायमूर्तींकडे पाठवला, पण तोवर २०२२ मध्ये जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. अध्यक्षांना घड्याळ दाखवणाऱ्यांनी भिंतीवरचं स्वतःचंही बघावं.

आणि न्यायालयाने ठरवलं तर जमतं. पक्ष बदलून मंत्री झालेल्या आमदाराच्या मणिपूर प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये साधारण तीन महिने ही कमाल मर्यादा सांगितली, संसदेला स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करायला सांगितलं, आणि अध्यक्ष हलेनात तेव्हा मार्चमध्ये अनुच्छेद १४२ चा, पूर्ण न्यायासाठीचा विशेष अधिकार वापरून त्या मंत्र्याला मंत्रिमंडळातून थेट बाहेर काढलं.

शेरेबहाद्दर

आणि त्या तीन महिन्यांचं पुढे काय झालं? तेलंगणात दहा आमदारांविरुद्धच्या याचिकांवर सात महिने नोटीससुद्धा निघाली नव्हती. ३१ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तीन महिने दिले. ते उलटले, नोव्हेंबरमध्ये अवमानाची नोटीस काढावी लागली. मुदत निकालात लिहा नाहीतर कायद्यात, ती मोडल्यावर काय होईल हे लिहिलं नाही तर तिला कोणी भीक घालत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८६(७) मध्ये निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलेलंच आहे. ‘प्रयत्न करावा’. उच्च न्यायालयंच तो किती करतात ते माहीत आहे.

कारकुंडा

मग परिणाम लिहा ना. मसुदा असा: ९१ व्या दिवशी याचिका कागदपत्रांसह आपोआप उच्च न्यायालयात वर्ग होईल आणि निकाल लागेपर्यंत त्या सदस्याला मंत्रिपद किंवा महामंडळाचं पद घेता येणार नाही. अनुच्छेद १६४(१ब) मध्ये अपात्र ठरलेल्याला मंत्रिपदाची बंदी आहेच, ती फक्त याचिका प्रलंबित असण्याच्या काळाला लावायची. पद मिळत नाही म्हटल्यावर उशीर त्यालाच परवडणार नाही, तारीख मागायला त्याचा वकील उभाच राहणार नाही.

मोकळा_बाक

आणि खोटी याचिका टाकून कोणाचंही मंत्रिपद ९१ व्या दिवशी गोठवता येईल. याचिका टाकायला लागतं काय, एक सही आणि सत्यापन.

कारकुंडा

बरोबर. मग पहिल्या १५ दिवसांत प्रथमदर्शनी छाननी, तीही अध्यक्षांकडे नको. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींसमोर, फक्त कागदावर, साक्षीपुरावा नाही. छाननीत टिकलेल्या याचिकेलाच गोठवण्याचा परिणाम.

बाराखडी

यावर माझा आयोगाचा हट्ट सोडतो. पण छाननीच्या आदेशाला लगेच आव्हान देता येणार का, ते लिहा. तिथे दार उघडं राहिलं तर दीड वर्ष तिथेच जाईल.