मदत हवी आहे: न्यू जर्सीत घरावर बिनबुडाचा कन्स्ट्रक्शन लीन (कंत्राटदाराने थकबाकीपोटी नोंदवलेला बोजा)

मंडळी, आम्ही एडिसनला राहतो. बेसमेंटचं काम मार्चमध्ये संपलं, ठरलेले सगळे पैसे चेकने दिले. ऑगस्टमध्ये रिफायनान्स (जुन्या गृहकर्जाऐवजी नवं कर्ज) करायला गेलो तर टायटलवाल्या, म्हणजे घराच्या मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या, बाई विचारतात, "हा ९,४०० डॉलरचा लीन कसला?" घामच फुटला!

कंत्राटदार म्हणतो, जादा काम केलं. लेखी एक ओळ नाही. जूनमध्ये तो आला होता खरा, पण जिन्याखालची फुगलेली फळी बदलायला, म्हणजे स्वतःचीच चूक निस्तरायला. तीच तारीख त्याने 'शेवटचं काम' म्हणून लावलीय. (वर चहाही पिऊन गेला.)

इथल्या कन्स्ट्रक्शन लीन कायद्यात राहत्या घरासाठी शेवटच्या कामापासून ६० दिवसांत थकबाकीची नोटीस नोंदवणं, ती नोंदवल्यापासून १० दिवसांत लवादाची मागणी आणि शेवटच्या कामापासून १२० दिवसांत लीन, अशी मुदत आहे. दुरुस्तीची फेरी त्यात धरत नाहीत. कलम १५ प्रमाणे लीन निराधार, मुदतीबाहेरचा किंवा मुद्दाम फुगवलेला निघाला तर लीनचा हक्क जातो, शिवाय मालकाचा कोर्टखर्च आणि वकिलाची फी त्याच्या माथी. मालकाचा बचाव निराधार ठरला तर मात्र भुर्दंड उलटा.

कुणाला ही फी खरोखर वसूल झालीय का? 'दावा लाव' अशी लेखी नोटीस दिली की ३० दिवसांत त्याला कोर्टात जावं लागतं. तेवढं थांबावं, की आपणच लीन काढायला थेट अर्ज करावा? रेट लॉक (बँकेने ठरावीक मुदतीसाठी पक्का केलेला व्याजदर) संपत आलाय.