सायकलच्या सीटचा दांडा हळूहळू खाली सरकतो

नेरूळकर:
नेरूळहून पाम बीच रोडने वाशी गाठेपर्यंत सीट बोटभर खाली आलेली असते, गुडघे भरून येतात. दुकानात दांडा धरणारा क्लॅम्प आवळून घेतला, फरक नाही. फ्रेम स्टीलची, दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, मागाहून बदललेला. लांब दांडा घेऊ का?

येऊरवाला:
लांबी राहू द्या, आधी जाडी बघा. दांडा बाहेर काढा, बहुतेक वेळा त्यावर आकडा कोरलेला असतो. नसेल तर व्हर्नियरने मोजा. २७.२ मिमीच्या फ्रेममध्ये २७.० चा दांडा सहज जातो, पण टिकत नाही. क्लॅम्प आणखी आवळू नका हो, बोल्टचे आटे जातील!

आणि आपल्या खाडीकाठच्या खारट दमट हवेत स्टीलमध्ये अ‍ॅल्युमिनियम कोरडं बसवलं की गंजून जाम होतं, मग ओढूनही निघत नाही. ग्रीसचा पातळ थर हवाच. पावसाळा संपला की काढून पुसा, पुन्हा लावा. (कार्बन फायबरच्या दांड्याला किंवा फ्रेमला ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.)

कळवेकर ताई:
उंचीचं सांगते. पेडल अगदी खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ. मग चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकतो, तेवढं पुरे. दांड्यावरची किमान खोलीची रेघ मात्र फ्रेमबाहेर दिसता कामा नये, फ्रेम तडकते.

नेरूळकर:
काढला. २७.० च आहे! माळ्यावरच्या मूळ दांड्यावर २७.२ कोरलंय. तोच घासूनपुसून बसवतो.