सुदीप्ता सेनगुप्तांबद्दल थोडं

नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३च्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत गेल्या होत्या, त्याबद्दल छान लिहिलं गेलंय. त्याच मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ताही होत्या, म्हणून ही भर. सुदीप्तांनी १९७२ मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात पीएचडी केली, पुढे लंडन आणि स्वीडनमधल्या उप्सालाला संशोधन केलं आणि १९८२ मध्ये जादवपूरलाच शिकवायला आल्या. अंटार्क्टिकातल्या शिर्माकर टेकड्यांतल्या नाइस खडकांत (उष्णता आणि दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकांत) थर वाकून एका घडीवर दुसरी घडी पडलेली असते. आधीची कुठली, नंतरची कुठली, हे हातोडा-होकायंत्र घेऊन जागेवरच ताडावं लागतं. तेन्झिंग नोर्गेंकडे गिर्यारोहण शिकल्याचा सुदीप्तांना तिथे केवढा उपयोग झाला असेल! १९९१ मध्ये त्यांना विज्ञानातल्या कामासाठीचा भटनागर पुरस्कार मिळाला. तरी 'अंटार्क्टिकाला गेलेल्या बाई' एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते, याचं फार वाईट वाटतं.