धूर किनाऱ्यावर मोजायचा की चिमणीवर? आर्क्टिक समुद्रातल्या तेलविहिरी आणि हवेचे नियम

दर्यावर्दी (धागाकर्ता)

२०१४ च्या मार्चमध्ये आमचं सप्लाय जहाज नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात होतं. मी सेकंड इंजिनिअर. रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी आठला वॉच संपवून वर आलो, तर पुढचा डेक पांढराशुभ्र आणि फनेलच्या, म्हणजे जहाजाच्या चिमणीच्या, मागचा पट्टा राखाडी, मिरपूड भुरभुरल्यासारखा. पुढे ऊन आलं. पुढचा बर्फ संध्याकाळपर्यंत तसाच होता. मागचा दोन-तीन तासांत वितळला आणि खालचा पत्रा दिसायला लागला.

तेव्हापासून आर्क्टिकमधल्या तेलशोधाच्या हवेचे नियम मी वाचत आलोय. माझं म्हणणं असं की तिथला धूर चिमणीच्या तोंडाशी मोजला पाहिजे. अमेरिकेने अलास्काच्या समुद्रात तो किनाऱ्याशी मोजायचं ठरवलं, ते चुकलं.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९९० च्या कायदा-दुरुस्तीने अमेरिकेच्या बहुतेक समुद्रातल्या तेलकामाची हवा पर्यावरण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे आली. मेक्सिकोच्या आखाताचा मोठा भाग तेवढा गृह खात्याकडेच राहिला. (हे आपल्यासारखं पोलिसांचं गृह खातं नव्हे. तिकडे ते जमीन आणि खनिजं सांभाळतं.) शेल या तेल कंपनीने अलास्काजवळच्या ब्युफोर्ट समुद्रात २००५ मध्ये आणि चुकची समुद्रात २००८ मध्ये पट्टे (तेल शोधायचे भाडेपट्टे) घेतले. चुकचीसाठी एकट्या शेलने दोन अब्ज डॉलरहून जास्त मोजले. ईपीएने २०१० मध्ये 'डिस्कव्हरर' या ड्रिलशिपला (विहीर खोदणारं जहाज, म्हणजेच रिग) हवेचा परवाना दिला, पण ईपीएच्याच अपील मंडळाने डिसेंबर २०१० मध्ये तो परत पाठवला. दुरुस्त परवाना जानेवारी २०१२ मध्ये टिकला. तोवर, डिसेंबर २०११ मध्ये, संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घालून चुकची आणि ब्युफोर्टची हवा ईपीएकडून काढून गृह खात्याकडे देऊन टाकली होती.

फरक काय पडला ते आकड्यातच दिसतं. गृह खात्याच्या १९८० सालच्या नियमात सूट देण्याचं एक सूत्र आहे: किनाऱ्यापासूनचं अंतर मैलांत घ्या आणि ३३.३ ने गुणा. वर्षाला तेवढे टन नायट्रोजन ऑक्साइड सोडले तरी पुढची तपासणी नाही. शेलची चुकचीतली बर्गर विहीर किनाऱ्यापासून साधारण ७० मैलांवर. म्हणजे २३०० टनांच्या वर सूट! ईपीएच्या नियमात २५० टनांनाच मोठा स्रोत ठरतो. शिवाय तिथे रिगपासून २५ मैलांच्या आत येणारी बर्फफोडी आणि सप्लाय जहाजंसुद्धा रिगच्याच खात्यात धरतात.

काजळीला किनारा कळत नाही. ती पडते ती जवळच्या बर्फावर.

अनंत_पनवेल

दर्यावर्दी, तुमचा राखाडी बर्फ आधी वितळला कारण खाली इंजिनरूम होती. फनेलमागचा डेक गरमच असतो. तीस वर्षं ड्रिलिंगमध्ये काढली आहेत मी, बहुतेक मुंबई हायवर, त्यामुळे एवढं सांगू शकतो.

आता मुद्द्याचं. हवेच्या नियमांचा उगम माणसाच्या फुप्फुसात आहे. ७० मैल आत समुद्रात कोण श्वास घेतंय? रिगवरची माणसं, आणि त्यांच्यासाठी कामगार सुरक्षेचे वेगळे नियम आहेत. किनाऱ्यावरच्या वेनराइट किंवा पॉइंट होप गावातल्या घरापर्यंत तो धूर पोचेपर्यंत विरून जातो. म्हणून सूत्रात अंतर आहे. त्यात बनवाबनवी काही नाही, वाऱ्यात धूर पातळ होतो एवढंच ते सांगतं.

आणि ईपीएच्या हाती काय झालं? पट्टे २००५ चे, टिकणारा परवाना २०१२ चा. तिकडे समुद्र खुला असतो जुलै ते ऑक्टोबर. एक कागद महिनाभर अडला की अख्खं वर्ष गेलं. जहाज नेमकं कधी 'स्रोत' होतं यावरही वाद: पहिला नांगर पडला तेव्हा, की कंपनीचा माणूस 'जहाज जागेवर बसलं' असं म्हणेल तेव्हा? यात लोकांची वर्षं गेली. रिगचं काम ज्याला कळतं अशा एकाच खात्याकडे सगळं असावं, हे मला तरी पटतं.

दर्यावर्दी

अनंतकाका, शंका रास्त आहे. पण तो पट्टा स्टोअरच्या हॅचवरचा होता, खाली दोरखंड आणि रंगाचे डबे, हीटिंग बंद. हॅचचा ज्या बाजूला धूर येत नव्हता तो अर्धा भाग पांढराच राहिला होता. दोन्ही भाग एकाच पत्र्यावर.

आणि नांगराच्या वादाला किरकोळ म्हणू नका. नांगर पडल्यापासून जनरेटर चालूच असतात. कंपनीच्या माणसाच्या शब्दावर घड्याळ सुरू झालं, तर आधीचा धूर कोणाच्याच खात्यात जात नाही. मंडळाने परवाना परत पाठवला त्यातलं एक कारण हेच होतं. दुसरं कारण तुमच्या फुप्फुसांचंच आहे. २०१० मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची तासाभराची नवी मर्यादा आली होती, अब्जात १०० भाग. ईपीएने गावकऱ्यांना धोका नाही असं ठरवलं ते जुन्या वार्षिक सरासरीवरून. जे काम वर्षातले चारच महिने चालतं, त्याची सरासरी बारा महिन्यांवर पसरली तर कुठलाही आकडा लहानच दिसणार.

रेवती_स्टाव्हांगर

मी नॉर्वेत तेलक्षेत्रातच काम करते, इथली पद्धत सांगते. इथे 'धूर कुठे पोचतो' या प्रश्नात फार वेळ घालवत नाहीत. १९९१ पासून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जाळलेल्या गॅस आणि डिझेलवर कार्बन कर आहे. सुरक्षेखेरीज गॅस जाळून टाकायला सत्तरच्या दशकापासूनच मनाई. नायट्रोजन ऑक्साइडसाठी २००८ पासून एक निधी आहे: कंपन्या टनामागे पैसे भरतात आणि त्यातूनच इंजिनं सुधारायला मदत मिळते. म्हणजे दर्यावर्दी म्हणतात तसं चिमणीवर मोजणं शक्य आहे, रोज होतं. हॅमरफेस्टजवळच्या गोलियात प्लॅटफॉर्मला तर जमिनीवरून शंभरेक किलोमीटर लांब केबलने वीज जाते.

पण हेही सांगायला हवं की ही वीज आभाळातून पडत नाही. स्नोव्हिट या समुद्रातल्या गॅसक्षेत्राचा मेल्कोया कारखाना विजेवर न्यायला सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि उत्तरेकडच्या फिनमार्क भागात मोठा विरोध उभा राहिला. नव्या वाहिन्या आणि पवनचक्क्या सामी या मूळनिवासी लोकांच्या रेनडियरच्या कुरणांतून जाणार. समुद्रातला धूर कमी झाला आणि भार गेला गुराख्यांवर. माझी एक सहकारी सामी आहे. जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की ती डबा बंद करून उठते. नियम कडक करा म्हणताना त्याचं ओझं कोण उचलतंय हेही बघा, एवढंच.

उत्तरायण

मी दर्यावर्दींच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं. या सगळ्यात तिथल्या माणसांना गरीब बिचारे करून ठेवलंय. नॉर्थ स्लोपच्या, म्हणजे अलास्काच्या उत्तर टोकाच्या, मूळनिवासी इन्युपियाट लोकांच्या शाळा, दवाखाने, पाणी, सगळं तेलाच्या करावर उभं राहिलं. अलास्काच्या पाइपलाइनमधून १९८८ च्या सुमारास दिवसाला वीस लाख पिंपं वाहत होती, आता पाचेक लाख. म्हणून २०१४ मध्ये त्यांच्या प्रादेशिक कंपनीने सहा गावांच्या कंपन्यांना सोबत घेऊन शेलच्या चुकची पट्ट्यांत हिस्सा घ्यायला स्वतःची कंपनी काढली. मुंबई-पुण्यात बसून आपण त्यांचा श्वास राखायला निघालो, तर आधी त्यांना विचारायला नको का?

दर्यावर्दी

विचारलंच पाहिजे. आणि विचारलं तर एकच उत्तर येत नाही. पॉइंट होपच्या मूळनिवासी गावाने याच चुकची पट्ट्यांच्या विक्रीविरुद्ध कोर्टात दावा लावला होता. परवान्यांना आव्हान देणाऱ्यांतही तिथलेच लोक होते. एकाच घरात एकाला तेलाची नोकरी आणि दुसऱ्याला व्हेलच्या शिकारीची काळजी, असं असू शकतं. कराची गरज खरी आहे. पण दवाखान्याचा पैसा हवा म्हणून चिमणीला गाळणी नको, हे कुठल्याच गावाने म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

अनंत_पनवेल

शिकारीचं निघालंच आहे तर ही बाजूही ऐका. ब्युफोर्टमध्ये शेलने काक्टोविक आणि नुइक्सुत या गावांच्या व्हेल शिकारीसाठी २५ ऑगस्टपासून ड्रिलिंग थांबवायचं कबूल केलं होतं. इतक्या लहान मोसमात ही सवलत छोटी नव्हे.

आणि गाळणीबद्दल. डिस्कव्हररवर ती होती! युरिया फवारून कॅटॅलिस्टने नायट्रोजन ऑक्साइड मारायची यंत्रणा बसवली होती, डिझेलही अगदी कमी गंधकाचं. पण ड्रिलिंगमध्ये जनरेटरचा लोड एकसारखा राहत नाही. पाइप वर खेचताना इंजिनं बोंबलतात, स्टँड (जोडलेल्या पाइपांचा संच) लावायला थांबलं की लोड एकदम उतरतो. लोड उतरला की धूर थंड पडतो, कॅटॅलिस्ट नीट चालत नाही आणि युरियाचा अमोनिया तसाच बाहेर निघतो. २०१२ मध्ये शेलनेच कळवलं की मुख्य जनरेटर नायट्रोजन ऑक्साइड आणि अमोनियाच्या मर्यादेत बसत नाहीत. तो आकडा कागदावर ठरवणाऱ्याने ड्रिलरच्या केबिनमध्ये एक रात्र काढली असती तर वेगळा ठरवला असता. शेवटी दोन रिगचे मिळून ११ लाख डॉलर दंड भरावा लागला. याला मी नियमन म्हणत नाही.

वास्कोचा_निखिल

अनंत सर, तो आकडा परवान्यात आला तो कंपनीच्या अर्जातल्या यंत्रणेवरूनच ना? आपणच दाखवलेली मर्यादा पाळता आली नाही, तर दोष मर्यादेचा कसा? अब्जावधींच्या मोहिमेत ११ लाख मला फारच कमी वाटतात.

'आपला काय संबंध' असं कोणी विचारायच्या आधी सांगतो. आमच्या वास्कोला सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय केंद्र आहे, त्यांचं 'हिमाद्री' स्थानक २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंदला आहे. आणि सैबेरियातल्या वान्कोर तेलक्षेत्रात, आर्क्टिक वर्तुळाच्या वर, आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून जवळपास निम्मा वाटा आहे. तिथल्या मशालीच्या (नको असलेला गॅस जाळतात ती) धुरात आपलाही वाटा आला. २०१३ च्या एका अभ्यासात तर आर्क्टिकच्या जमिनीलगतच्या हवेतल्या काजळीपैकी सुमारे ४२ टक्के गॅस जाळण्याच्या मशालींची निघाली. अलास्कापेक्षा रशियाच्या उत्तरेचा प्रश्न कितीतरी मोठा आहे, आणि तिथे आपण मालक म्हणून बोलू शकतो.

उत्तरायण

हाच तर माझा मुद्दा. शेल २०१५ मध्ये एकच विहीर खोदून, साधारण सात अब्ज डॉलर घालवून निघून गेली. रशियाचा प्रिराझलोम्नाया हा तेल प्लॅटफॉर्म २०१३ पासून पेचोरा समुद्रात चालूच आहे. जिथे नियम आहेत तिथलं काम बंद पडतं, जिथे कमी आहेत तिथलं वाढतं. हवा तर एकच.

दर्यावर्दी

शेल गेली ती विहिरीत पुरेसं तेल लागलं नाही म्हणून, आणि खर्च डोईजड झाला म्हणून. गृह खात्याची मंजुरी तेव्हा हातात होती.

रशियाचं खरं आहे. त्याच्यावर उपाय म्हणून सगळ्यांना लागू होणारे नियम हवेत, आणि ते सावकाश येतायत. जड तेलावर आर्क्टिकमध्ये १ जुलै २०२४ पासून बंदी आली, पण सवलती २०२९ पर्यंत. ती बंदीही जहाजांच्या इंधनावर आहे, मशालींना लागत नाही.

अनंतकाका, तुमच्या लोडच्या मुद्द्याला मान देतो, ते मी स्वतः पाहिलंय. म्हणूनच तर चिमणीवर तासातासाला मोजा म्हणतो. मर्यादा अवघड वाटली तर त्या नोंदी दाखवून बदलून घ्या. किनाऱ्यावर मोजलं तर तुमचा तो उतरलेला लोड कुणाला दिसणारच नाही. गृह खात्याने स्वतः २०१६ च्या मसुद्यात मोजण्याची जागा किनाऱ्यावरून समुद्रात, राज्याच्या हद्दीपर्यंत पुढे न्यायचं सुचवलं होतं. २०२० च्या अंतिम नियमात ते गाळलं.

अनंत_पनवेल

तासाची नोंद मान्य. आम्ही ड्रिलिंगचे सगळे आकडे मिनिटामिनिटाला ठेवत होतो, धुराचे ठेवायला हरकत नाही. हॅचचंही मान्य. पण परवाना देणारं खातं एकच हवं, यावरून मी हलणार नाही.

दर्यावर्दी

एकच असू द्या, काका. पण ते पट्टे विकून पैसे घेणारंच खातं नको. दोन अब्ज डॉलर ज्याच्या तिजोरीत आले त्यानेच धूर मोजायचा, हे तुम्हाला मुंबई हायवर चाललं असतं?

अनंत_पनवेल

पैसा खात्याच्या नाही, देशाच्या तिजोरीत जातो. पण प्रश्न टाळत नाही. आमच्याकडे सुरक्षेची तपासणी करणारं संचालनालय वेगळं होतं, आणि त्यांचा माणूस हेलिकॉप्टरमधून उतरला की आम्ही सावध व्हायचो. ते वेगळेपण कामाचं होतं. यावर मला थोडा विचार करू द्या, उद्या लिहितो.