नागपूरहून क्रूझ : बंदराजवळच्यांना स्वस्त पडते, आपल्याला कितीला पडली?

धागाकर्ती, त्रिमूर्तीनगर

गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने गेल्या दोन वर्षांत तीन वेळा समुद्रसफर केली आणि तिन्ही वेळा तिकीट जहाज सुटण्याच्या आठवड्यातच काढले. तिचा हिशेब सरळ आहे. जहाज सुटण्याचा दिवस ठरलेला असतो, रिकाम्या राहिलेल्या खोलीचे कंपनीला काहीच मिळत नाही, म्हणून काही वेळा शेवटच्या दिवसांत दर उतरतात. तसे दिसले की ही बॅग भरते आणि टॅक्सीने थोड्याच वेळात मुंबई बंदरातले बॅलार्ड पिअर गाठते. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तेव्हापासून तर ती मला दर महिन्याला एक तरी जाहिरात पाठवते. मी नागपुरात बसून तेच दर बघते आणि मोबाइल बाजूला ठेवते, कारण आपल्या झिरो माइलपासून कोणत्याही दिशेला निघालो तरी समुद्र लांबच आहे.

एकदा मी नेटाने हिशेब करून पाहिला, तेव्हा खरी अडचण अंतराची नसून वेळेची आहे, हे ध्यानात आले. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि दुरांतोचे भाडे जागा भरत जातील तसे वाढत जाते. जहाजाचा उतरलेला दर मात्र सात-आठ दिवस आधी दिसतो. म्हणजे जहाज स्वस्त होते, नेमकी त्याच आठवड्यात गाडी महाग होते किंवा मिळतच नाही. माझ्या त्या हिशेबात दोघांचे मिळून जहाजात सहा हजार रुपये वाचत होते आणि विमानाला नेहमीपेक्षा नऊ हजार जास्त लागत होते.

तरीही आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे, दीर-नणंदा बंदरांच्या गावी राहतात आणि काहींनी या ना त्या मार्गाने स्वस्तात सफर साधलेली आहे, असे कानावर येते. त्यांनी अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे. एकच अट आहे : केवळ जहाजाचे भाडे सांगू नये. घराला कुलूप लावल्यापासून ते उघडेपर्यंत काय काय लागले, ते सांगावे.

प्रतापनगर, निवृत्त विद्युत अभियंता

आमचा मुलगा फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलला राहतो. त्याच्या घरापासून पोर्ट एव्हरग्लेड्स हे बंदर मोटारीने वीस मिनिटांवर आहे आणि सतराव्या रस्त्याच्या पुलावरून जाताना दहा-पंधरा मजली पांढरी जहाजे इमारतींच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसतात. आम्ही दोघे पाच महिन्यांसाठी गेलो होतो. विमानाचे तिकीट मुलाच्या भेटीसाठी काढलेलेच होते, त्यामुळे तो खर्च मी क्रूझच्या खात्यात धरत नाही. धागाकर्तीच्या अटीत हे बसते की नाही, ते त्यांनी ठरवावे.

तिकडे एक गोष्ट शिकायला मिळाली. आगाऊ आरक्षण केलेल्या प्रवाशांना उरलेली रक्कम भरण्याची शेवटची तारीख दिलेली असते आणि ती बहुतेक सफरींना प्रस्थानाच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी येते. त्या तारखेपर्यंत ज्यांचा विचार बदलतो ते आपली खोली सोडतात आणि कंपनीला प्रथमच नेमके कळते की किती खोल्या पडून आहेत. सुनेने त्या तारखेनंतर रोज सकाळी चहासोबत दर बघण्याचा नेम धरला. एका कागदावर तिने तारीख आणि दर असे दोन रकाने आखून तो फ्रिजवर लावला होता. पाच आठवड्यांत दर तीनदा उतरला, एकदा चढला आणि चौथ्यांदा उतरला तेव्हा आम्ही पाच रात्रींची, मेक्सिकोतील कोझुमेलला जाऊन येणारी सफर घेतली.

महिना ऑक्टोबर होता, हेही स्वस्ताईचे एक कारण आहे. अटलांटिकमधील वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात आणि शाळाही सुरू असतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मागणी कमी असते. वादळ आल्यास कंपनी बंदर बदलू शकते आणि त्याबद्दल भाडे परत मागता येत नाही. आमचेही वेळापत्रक एका दिवसाने पुढे सरकले, समुद्र मात्र आमच्या अंबाझरीच्या तलावाइतका शांत होता.

फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी काही सफरींना वेगळा, कमी दर असतो. तो आम्हा दोघांच्या खोलीला मिळेना, कारण खोलीत त्या राज्याचा पुरावा असलेली एक तरी व्यक्ती लागत होती. मुलगा आणि सून दोघेही येणारच होते, तेव्हा सुनेने तोड काढली : एका खोलीत मी आणि मुलगा, दुसऱ्या खोलीत सासू आणि सून. दोन्ही खोल्यांना सवलत मिळाली. पाच रात्री मुलाचे घोरणे ऐकावे लागले, तेवढी किंमत सवलतीत धरलेली नाही.

आता न दिसणारे खर्च सांगतो. जाहिरातीतील दर माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघे आहेत असे धरून दिलेला असतो. त्यावर बंदराचे कर व शुल्क वेगळे. सेवकवर्गाची टिप आपोआप लागते. आमच्या जहाजावर ती माणशी दिवसाला सोळा डॉलरच्या पुढे होती, म्हणजे चौघांची पाच रात्रींची तीनशे डॉलरहून अधिक झाली. मात्र मुलाच्या शेजाऱ्याने आम्हाला बंदरावर सोडले आणि परत आणले, त्यामुळे वाहनतळाचे भाडे आणि आदल्या रात्रीचे हॉटेल हे दोन्ही वाचले. बंदराजवळ राहण्याचा खरा फायदा मला तिथे दिसला. दूरच्या राज्यांतून आलेले आमच्या टेबलावरचे जोडपे या दोन गोष्टींनाच आमच्या एका माणसाच्या भाड्याइतके पैसे देऊन आले होते.

अमेरिकेचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा असावा, हे सांगायला नको. तोच व्हिसा पाहून मेक्सिको भारतीयांना वेगळा व्हिसा मागत नाही.

मनीषनगर

प्रतापनगरच्या काकांचा सल्ला वाचून कोणी सिअ‍ॅटलला तसेच करायला जाऊ नये, म्हणून लिहिते. माझी ताई तिथे राहते आणि तिच्या घरापासूनही बंदर जवळच आहे. जून महिन्यात अलास्काच्या सफरीचा दर एकाएकी उतरला, आम्ही आनंदाने खोली निवडली आणि पैसे भरण्याच्या पानावर आल्यावर भावजींनी विचारले, की आईबाबांकडे कॅनडाचा व्हिसा आहे का. तो नव्हता.

याचे मूळ १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने केवळ अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवू नयेत, असा त्याचा आशय आहे आणि मोठी क्रूझ जहाजे बहुतेक परदेशी नोंदणीचीच असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून अलास्काला जाणारे जहाज वाटेत कॅनडात, बहुधा व्हिक्टोरियाला, थांबते. कधी कधी संध्याकाळचे काही तासच. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा. तो आठवड्याभरात हाती येणारा नव्हता. शेवटच्या क्षणाचे दर हे शेवटच्या क्षणी मोकळे असणाऱ्यांसाठी असतात आणि मोकळे असण्यात पासपोर्टही आला. नियम कंपनीने स्पष्ट लिहिलेले होते. आम्ही दर वाचला होता, नियम नव्हे.

इतवारी, कापडाचे दुकान

मी शेवटच्या आठवड्याच्या भानगडीत पडत नाही. लग्नसराई आटोपली की आषाढात आमच्या धंद्याला विसावा असतो आणि नेमका त्याच दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला असल्याने मुंबईच्या फेऱ्या बंद राहतात. गेल्या काही पावसाळ्यांत कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे जहाज त्या काळात पूर्व किनाऱ्यावर, चेन्नई आणि विशाखापट्टणमकडे, आलेले आहे. इकडे आपण नागपूरकर बंदरापासून दूर असलो तरी रेल्वेच्या चौकात बसलो आहोत, हे विसरतो. दिल्लीहून चेन्नईला जाणारी गाडी इथून जाते, हावड्याहून मुंबईला जाणारी इथून जाते आणि समता एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला नेऊन सोडते.

आम्ही समताचे आरक्षण उघडल्याच्या दिवशी काढले, जहाजाचेही त्याच आठवड्यात काढले, खिडकी नसलेली आतली खोली घेतली आणि विशाखापट्टणमहून पुदुच्चेरी-चेन्नई करून परत तिथेच उतरलो. शाळा सुरू झालेल्या, लग्ने संपलेली, त्यामुळे दर मुळातच खालचे होते. आतल्या खोलीबद्दल घरात कुरकुर झाली, परंतु दिवसभर सगळे डेकवरच असतात. खोलीत झोपायलाच यायचे, तर खिडकीचे पैसे कशाला द्यावेत? हे जहाज १९९० साली बांधलेले, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेले आहे. नव्या जहाजांचे व्हिडिओ पाहून जाणाऱ्यांनी खोलीच्या आकाराची अपेक्षा बेताची ठेवावी. आमची मोठी बॅग पलंगाखाली गेली तेव्हा कुठे दार पूर्ण उघडले.

लक्ष्मीनगर, निवृत्त शिक्षिका

एकट्याने जाणाऱ्यांचा विषय कोणी काढला नाही. खोली दोघांची धरलेली असल्यामुळे एकट्या प्रवाशाकडून कित्येकदा जवळजवळ दुप्पट भाडे घेतात. यजमान गेल्यानंतर मी पहिल्यांदा चौकशी केली, तेव्हा तो आकडा पाहून थांबले. पुढच्या वर्षी ठाण्याची वर्गमैत्रीण तयार झाली आणि आम्ही दोघींनी एक खोली घेतली. तिच्याकडे मी चार दिवस आधीच जाऊन राहिले, त्यामुळे गाडीला उशीर होण्याची धास्ती नव्हती. माझा सगळा खर्च तिच्याहून केवळ रेल्वेच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाइतकाच अधिक झाला आणि तिच्यासाठी नेलेल्या संत्रा बर्फीचा.

प्रतापनगरचे शेजारी, स्वावलंबीनगर

चार दिवस आधी जाण्याचा मुद्दा मी दुप्पट जोराने मांडतो. आम्ही जहाजाच्या दिवशीच सकाळी मुंबईत पोहोचणारी गाडी धरली होती. स्थानकापासून बंदर इतके जवळ, मग हॉटेलचे पैसे का घालवावेत, असा माझा युक्तिवाद होता. इगतपुरीच्या अलीकडे गाडी उभी राहिली ती उभीच राहिली. डब्यातील चहावाला तिसऱ्यांदा आला तेव्हा पत्नीने माझ्याकडे न पाहता त्याच्याकडून दोन चहा घेतले. सामान आत घेण्याची आणि नोंदणीची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी संपते, हे मला तिकिटावर त्या दिवशी प्रथमच दिसले. आम्ही पोहोचलो, आत घेतले गेलो, परंतु आमच्यामागे रांगेत चौघेच होते. हॉटेलचे तीन हजार वाचले, असे मी अजूनही म्हणत असतो. घरात ते कोणी मान्य करत नाही.

जरीपटका

थोडक्यात लिहितो. हिवाळ्यात दुबईहून आखाती देशांची जहाजे सुटतात आणि नागपूरहून शारजाहला थेट विमान आहे. मला तरी मुंबईपेक्षा हा मार्ग सोपा वाटला, कारण भाऊ शारजाहलाच राहतो. जहाज बाहेर जाऊन परत तिथेच येते, म्हणून अमिरातीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा घेऊ नये.

धागाकर्ती, त्रिमूर्तीनगर

प्रतापनगरच्या काकांचा विमानखर्च मी अटीतून वगळते, कारण मुलाकडे जाणे हे क्रूझचे कारण नव्हतेच. इतवारीच्या भाऊंची युक्ती मात्र माझ्या शाळेच्या नोकरीत बसत नाही. आषाढात मला सुट्टी कुठली?

लक्ष्मीनगरच्या बाईंचे वाचून काल बहिणीला फोन केला. तिने ऐकून घेतले आणि सांगितले की, "रजा काढून दहा दिवसांसाठी ये आणि गाडीचे तिकीट आत्ताच काढ. मधल्या काळात दर उतरला तर दोघी जाऊ, नाही उतरला तर चौपाटीवर भेळ खाऊ." फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील दुरांतोचे तिकीट आज सकाळी मिळाले, खालचा बर्थ. मृग बहाराची संत्री त्याच सुमारास बाजारात येतात, म्हणून एक पेटी सोबत नेईन. जहाजात बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत, तेव्हा ती गिरगावातच संपवावी लागेल.