'सगळ्या क्लिपा निवडा, जी दाबा, झालं' म्हणणाऱ्याला उत्तर

कासाळे_डोक्यात
काल एकाने इथे ठोकून दिलं की चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) व्हिडिओचे आवाज जुळवत रात्र काढणारे मूर्ख, प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या क्लिपा निवडायच्या, कीबोर्डवर जी दाबायचं, सगळ्यांचे पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे 3 डीबीला (डेसिबलला) आणायचे, विषय संपला. केलं बाबा. वाड्यावरच्या आरत्या, 5 मोबाइल, 43 क्लिपा. घुमटाच्या (आरतीतलं चामडं ताणलेलं मातीचं वाद्य) क्लिपेत कुणीतरी एकदाच माइकच्या तोंडाशी कासाळे (झांज) आपटलं, पीक तिथेच लागला, म्हणून अख्खी क्लिप जागची हलली नाही. पुढच्या क्लिपेत आजी माटोळीतली (गणपतीच्या वर टांगतात ती फळांची चौकट) फळं सांगतेय, ती एवढी वर उचलली की मागचा पंखा दाबोळीला उतरणाऱ्या विमानासारखा! पीक म्हणजे एका क्षणाचं टोक रे, कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

फोंड्याचा_घाईवाला
तो मूर्ख मीच. मी लग्नं करतो, पार्टीला तिसऱ्या दिवशी व्हिडिओ हवा असतो आणि तू 43 क्लिपांना कान लावून बस. आणि पर्याय चुकला असेल तुझा, सगळ्यात मोठा पीक धरून करायचा दुसरा पर्याय पण असतो.

कासाळे_डोक्यात
त्यात सगळ्या क्लिपा सारख्याच डीबीने वर जातात, म्हणजे आपसातला फरक होता तसाच. मग जुळवलंस काय, कपाळ?

सत्तरीची_नाटकवाली
आमच्या जत्रेच्या नाटकाचं ऐका. मोबाइल ठेवला विंगेजवळ, नॉर्मलाइज केल्यावर, म्हणजे असाच आवाज ठरलेल्या पातळीला आणल्यावर, प्रॉम्प्टर नायकाच्या वर! प्रत्येक वाक्य दोनदा, आधी प्रॉम्प्टरचं, मग नायकाचं. सॉफ्टवेअरला काय ठाऊक नायक कोण. त्यात मोबाइल स्वतःच आवाज वरखाली करतो, शांततेत वाढवतो आणि कुणी ओरडलं की दाबतो, ते आधीच वाट लावून ठेवतं. आणि रेकॉर्ड करतानाच फाटलेला आवाज नंतर खाली ओढला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटका.

शमेळवाला
तुम्ही काय जुळवताय, आवाज उरलाय कुठे? घुमटाला घोरपडीचं चामडं जाऊन बकऱ्याचं आलं तेव्हाच नाद गेला. आजोबांच्या घुमटाचा आवाज नदीपलीकडे जायचा.

सत्तरीची_नाटकवाली
झालं सुरू. 1972 च्या कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, पुढचं लिहूच नको. आणि 2019 ला घुमट गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं ते बकऱ्याच्या चामड्यामुळेच ना? नाहीतर मिरवायचं कसं?

शमेळवाला
मी मारा म्हटलं का? नाद गेला म्हटलं. भाद्रपदाच्या पावसात बकऱ्याचं चामडं ढिलं पडतं, दर आरतीआधी शेकत बसतो आम्ही, वारसा म्हणणारे येतात का शेकायला?

फोंड्याचा_घाईवाला
मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगात बकरा की घोरपड ते डोळे मिटून ओळख, जेवण माझ्याकडून.

शमेळवाला
तुझ्या उणे 3 वर बकरा आणि पत्र्याचा डबा पण सारखेच वाजतील.

कासाळे_डोक्यात
धागा चामड्याचा आहे का? यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी ऐका. तिथे उणे 14 लफ्सच्या (कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपासच्या वरचं खाली ओढतात, पण हळू असलेलं वर उचलत नाहीत. म्हणजे हळू ठेवलंत तर आजी हळूच राहणार. मी आधी बोलणं कानाने जुळवतो, मग वाद्यं त्याच्याखाली, शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावर, लिमिटर, तो ठरलेल्या मर्यादेच्या वर काही जाऊ देत नाही.

फोंड्याचा_घाईवाला
रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये त्या 1770 वाल्या, पीक सोडून कानाला वाटणारा मोठेपणा मोजणाऱ्या मोडवर करून पाहिलं, प्रत्येक क्लिप स्वतंत्र ठेवून. बोलण्याच्या क्लिपा जुळल्या, मान्य. वाद्यं तरी हाताने 4 डीबी खाली घ्यावी लागली. देव बरें करूं, रात्रीचा दीड वाजला, वीजबिल कुणाला पाठवू?

कासाळे_डोक्यात
आजीच्या पंख्याला पाठव.

शमेळवाला
पंखा बंद केला असता तर चामडं तरी कोरडं राहिलं असतं का, ते सांगा.