ठकू उलटी पडलीय

संध्याकाकू: मन्या फोन उचल रे. तुझी ती ठकू काचेच्या पेटीत पाठीवर पडलीय, पाय वर, हालत नाहीये. बाबा म्हणतायत गेली. मी चहा टाकायला उठले तर हे दिसलं, काळजात धस्स झालं

काका: काल रात्री दोन रातकिडे सोडले होते मी तिला. महिनाभर काही खाल्लं नव्हतं म्हणून. त्याने काही बाधलं का

वर्षाताई: काकू तू डॅलसला जाऊन कोळी सांभाळतेयस 😂 इथे पाल दिसली तर अख्खा मजला गोळा करायचीस

संध्याकाकू: हसू नको गं. पोरगा आठ दिवस सिएटलला गेलाय आणि ही जोखीम आमच्या गळ्यात

मन्या: मीटिंगमध्ये होतो. आई मेली नाहीये ती, कात टाकतेय. मेलेला टॅरंटुला कोळी पाय पोटाखाली मुडपून गोळा होतो आणि बहुतेक सरळच बसलेला असतो, असा पाठीवर आडवा म्हणजे मोल्टिंग. जेवण सोडलं होतं, पोट काळपट पडलं होतं ते याचंच. पेटी हलवू नका, हात घालू नका, सरळ तर अजिबात करू नका. आणि बाबा ते रातकिडे आधी बाहेर काढा प्लीज, तिचं अंग आता सायीसारखं मऊ होणार, तेच उलटे तिला कुरतडतील

काका: एक काढला, ग्लास पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवला. दुसरा सालीच्या मागे दडलाय

काका: मिळाला. आईने पोळीचा चिमटा दिला

संध्याकाकू: चिमटा टाकून दिलाय. नवीन आणायचा

आत्या: कात सापाची ऐकली होती, कोळ्याची पण असते??

मन्या: हो आत्या. हाडं बाहेरून असतात ना, ती वाढत नाहीत, मग जुनं कवच सोडायचं. ती पोटातलं रक्त पुढे ढकलते, दाब वाढला की पाठीवरचं झाकण डब्यासारखं उघडतं आणि मग एकेक पाय हातमोज्यातून काढल्यासारखा बाहेर ओढायचा, दात पण नवे, घशाचं आतलं अस्तर पण सोडते. तासन् तास लागतात कधी कधी

संध्याकाकू: बाई गं. बाळंतपणच की

संध्याकाकू: मन्या आता दोन झाल्यात!!! एक कोपऱ्यात बसलीय आणि एक मधे पडलीय. पिल्लू एवढं मोठं असतं का

मन्या: आई मधली ती नुसती कात आहे 😂 केसासकट तशीच्या तशी निघते. कोपऱ्यातली ठकू

वर्षाताई: काकू फोटो टाक ना

संध्याकाकू: टाकलाय बघ. रंग काय उजळलाय, गुडघ्यावरचे केशरी पट्टे नव्या पैठणीच्या काठासारखे दिसतायत. आणि मागचा डावा पाय जो नव्हताच तो आलाय, पण बारीक आणि आखूड

मन्या: तो गेल्या वर्षी माझ्याच चुकीने तुटला होता, झाकण लावताना अडकला. आता पुढच्या एकदोन मोल्टला भरेल

बापूमामा: विषारी आहे का ते खरं सांग. आईवडिलांच्या जिवाशी खेळू नकोस

मन्या: मामा चावलीच तर मधमाशी चावल्यासारखं होईल, ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. त्रास केसांचाच जास्त, ती पोटावरचे केस मागच्या पायांनी उडवते, कातडीवर गेले तर खाज आणि डोळ्यात गेले तर डॉक्टर. कातीवर पण ते केस असतात म्हणून आई ती हाताने उचलू नकोस, राहू दे तिथेच. ती लांब गेली की बाबांना लांब चिमट्याने काढू दे

संध्याकाकू: एवढं अंग काढलं बिचारीने, काहीतरी खायला द्यायला नको? डिंकाचे लाडू नाही म्हणत मी पण एखादा छोटा किडा

मन्या: नाही नाही नाही. दात बघ काचेतून

संध्याकाकू: पांढरे आहेत. मोगऱ्याच्या कळीसारखे

मन्या: म्हणजे मऊ आहेत, आत्ता चावायला गेली तर वाकतील. पांढरे मग लाल मग काळे, पूर्ण काळे झाल्याशिवाय एकही किडा नाही, दोनेक आठवडे धर. फक्त पाण्याची वाटी काठोकाठ भरलेली ठेव, हेच तिचं बाळंतपण. स्पंज कापूस काही घालू नकोस आणि अंगावर फवारायचं पण नाही

काका: एसीने खोली गार पडते. टेबललॅम्प लावू का ऊब म्हणून

मन्या: नको बाबा, दिव्याखाली सुकेल ती. तुम्हाला बरं वाटतंय ना त्या खोलीत, मग तिलाही बरं

आत्या: वहिनी येताना ती कात आणा ना, मुलांना शाळेत दाखवायला

मन्या: आत्या ही मेक्सिकोची रेड नी जात, पाळायला म्हणून इतक्या पकडल्या की 1985 मध्ये सायटीसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घातली. माझी इथेच पैदास केलेल्यातली आहे पण परमिटशिवाय सीमेपार नेता येत नाही, कात पण त्यातच धरतात. व्हिडिओ पाठवतो

काका: पाचवा दिवस. दात डाळिंबी. कात मी काढली, हातमोजे आणि चष्मा घालून. पोटाकडचा भाग चुरगळलाय

मन्या: मस्त!! बाबा त्यावर पाण्याचा थेंब टाका, भांड्याच्या साबणाचा एक कण मिसळून, आणि कुंचल्याने हळूच पसरा. आतून चार पांढुरके ठिपके दिसतील, ती फुफ्फुसांची अस्तरं. वरच्या दोघांच्या मधे फडक्यासारखी घडी आहे का बघा. असली तर मादी, मी नाव अंदाजानेच ठेवलंय

काका: आहे. तुझ्या आईच्या भिंगातून बघितलं. लहान झालरीसारखी

मन्या: म्हणजे ठकूच!! नर असता तर मोठा झाल्यावर वर्षदोन वर्षांत गेला असता, मादी वीसपंचवीस वर्षं जगते

आत्या: म्हणजे हिच्यासमोर तुझं लग्न होईल म्हणायचं

मन्या: 🙏

संध्याकाकू: सोळावा दिवस. दात काळेभोर. मन्या आलाय पण काल उशिरा झोपला म्हणून त्याला न उठवता मीच सोडला एक रातकिडा, बारीक बघून. दहा मिनिटं नुसती बसून होती, मला वाटलं नकोच असेल, आणि एकदम अशी झडप घातली की मी खुर्चीवरून मागे सरकले. आता कोपऱ्यात घेऊन बसलीय

बापूमामा: चिमटा कुठला वापरलास

संध्याकाकू: जुनाच. टाकला नव्हता